मेंदू जागाच असतो



मेंदूवर व्याख्यान म्हटलं की ऐकणाऱ्यांच्या मनात काही प्रश्न आधीच तयार असतात. स्मरणशक्ती वाढते का? मुलांचं अभ्यासात लक्ष का लागत नाही? माणूस मेंदूचा दहाच टक्के भाग वापरतो म्हणतात ते खरं का? शेवटच्याचं उत्तर लगेच देऊन टाकतो. ते साफ खोटं आहे. मेंदूचा कोणताही भाग रिकामा बसलेला नसतो, आणि यातला दहा टक्के जरी निकामी झाला तरी काय होतं हे ज्यांच्या घरात अर्धांगवायूचा रुग्ण आहे त्यांना मी सांगायला नको. बाकीच्या दोन प्रश्नांवर बोलणारे पुष्कळ आहेत.

मी आज उलट्या टोकाकडून सुरुवात करणार आहे. मज्जातंतू जिथे संपतो आणि स्नायू जिथे सुरू होतो, त्या जागेपासून. त्याला कारण आहे तुमचा भोर-वेल्ह्याचा मुलूख. भातखाचरं, दगडी बांध, गवताच्या गंज्या, कणगीतलं भात, भातावर येणारे उंदीर आणि जमिनीवर अंथरूण टाकून झोपायची पद्धत. एवढं सगळं जिथे एकत्र येतं तिथे नाग आणि मण्यार येतात. आणि वरंध घाट उतरून महाडकडे गेलं की तिथला लाल विंचू. हे तिन्ही जीव आपल्या मज्जासंस्थेवरच घाव घालतात, पण मारतात ते मेंदूत शिरून नव्हे. हे ज्याला नीट कळलं, त्याच्या हातून भोर-वेल्ह्यातला एखादा माणूस वाचू शकतो, असं माझं म्हणणं आहे. आजचं व्याख्यान तेवढ्यासाठी.

आधी मेंदूची थोडी ओळख. मोठ्या माणसाचा मेंदू साधारण १३०० ते १४०० ग्रॅम भरतो. शरीराच्या वजनाचा जेमतेम पन्नासावा भाग, पण आपण स्वस्थ बसलेलो असताना शरीर जेवढा प्राणवायू वापरतं त्याचा पाचवा हिस्सा हा एकटा घेतो. त्यात चेतापेशी किती, याची खात्रीलायक मोजणी व्हायला २००९ साल उजाडावं लागलं. ब्राझीलमधल्या सुझाना हर्कुलानो-हूझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूचं चक्क पातळ द्रावण केलं, त्यातली पेशींची केंद्रकं मोजली, आणि आकडा आला सुमारे ८६ अब्ज. त्यातली गंमत अशी की यातल्या जवळजवळ ६९ अब्ज पेशी मानेच्या वर, मागच्या बाजूला असलेल्या लहान मेंदूत आहेत. ज्याच्यावर आपण विचार, भाषा, बुद्धी यांचं श्रेय चढवतो त्या मोठ्या मेंदूच्या सालीत फक्त १६ अब्ज. म्हणजे पेशींच्या हिशेबानं पाहिलं तर बांधावरून डोक्यावर भारा घेऊन तोल न जाऊ देता चालणं हे काम मेंदूला हलकं वाटत नसावं.

मेंदूतून चेतातंतूंच्या बारा जोड्या थेट बाहेर पडतात आणि मेरुरज्जूतून एकतीस. या सगळ्यांची नावं तुम्हाला सांगत बसत नाही. आजच्या कामापुरत्या दोनच लक्षात ठेवा. पहिला, मध्यमेंदूतून निघणारा तिसरा चेतातंतू. वरची पापणी उचलून धरण्याचं काम त्याचं. दुसरा, मानेतल्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मुळांपासून निघून छातीतून खाली उतरत श्वासपटलापर्यंत जाणारा. श्वासाची लय ठरते मेंदूच्या तळाशी, मस्तिष्कपुच्छात, आणि तिथला हुकूम या दुसऱ्या तंतूवरून श्वासपटलाला पोचतो. आपण झोपलेले असतो तेव्हाही तो जात असतो. स्नायूंकडे जाणाऱ्या जाड तंतूंमधून संदेश सेकंदाला पन्नास-साठ मीटर वेगानं धावतो, म्हणजे ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास. बेडकाच्या तंतूतला हा वेग पहिल्यांदा मोजला हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं, १८५० साली. त्याआधी भलेभले पंडित म्हणत होते की तो मोजताच येणार नाही.

आता खरी गोष्ट. एवढ्या वेगानं आलेला संदेश स्नायूपाशी येऊन थांबतो. तंतू स्नायूला चिकटलेला नसतो. मध्ये फट असते, मिलिमीटरच्या साधारण वीस हजाराव्या भागाएवढी. अशा फटी असतात की नाहीत यावरूनच गोल्जी आणि काहाल या दोघांचा जन्मभर वाद होता. १९०६ साली दोघांना नोबेल पारितोषिक वाटून दिलं, तर समारंभातल्या भाषणांतही ते एकमेकांच्या विरुद्धच बोलले. काहाल बरोबर होता. फट असते. तिच्यातून वीज उडी मारत नाही, तर एक रसायन पलीकडे जातं, हे दाखवलं ऑटो लोवीनं १९२१ साली, दोन बेडकांची हृदयं वापरून. एका हृदयाची गती मंद करणारा तंतू त्यानं उद्दीपित केला, त्या हृदयाभोवतीचं द्रावण दुसऱ्या हृदयावर सोडलं, आणि दुसरं हृदयही मंदावलं. ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन. आपल्या स्नायूंपाशीही तेच चालतं.

भाटघर धरणाच्या फुगवट्यापलीकडच्या एखाद्या वाडीची कल्पना करा. एसटी कितीही जोरात आली तरी पाण्याच्या काठाशी थांबणार. पुढे होडी. अलीकडच्या काठावर होड्या तयार हव्यात आणि पलीकडे होडी लागायला धक्का हवा. दोन्हीपैकी एक गेलं की वाडीचा संपर्क तुटला, मग एसटी वेळेवर आली काय आणि न आली काय. ॲसिटिलकोलीन ही होडी. तंतूच्या टोकाशी ते बारीक बारीक पिशव्यांमध्ये भरून ठेवलेलं असतं, एकेका पिशवीत काही हजार रेणू. स्नायूवर ते ज्या प्रथिनाला जाऊन लागतं ते ग्राहक प्रथिन म्हणजे धक्का. काम झालं की फटीतलंच एक विकर ॲसिटिलकोलीन लगोलग मोडून टाकतं, कारण नाही मोडलं तर स्नायू ताठून बसेल. आता नागाचं विष काय करतं? पलीकडचा धक्का अडवून बसतं. मण्यारीचं विष? तिच्याकडे धक्का अडवणारी विषंही आहेत, पण तिचं खरं घातक अस्त्र अलीकडच्या काठावर चालतं. तंतूचं टोकच ते पोखरतं. होड्या भराभरा रिकाम्या होतात, मग होड्या बांधण्याची जागाच उद्ध्वस्त होते.

हा फरक पुस्तकी वाटेल, पण दवाखान्यात तो अगदी रोकडा आहे. नागाच्या दंशात, प्रतिविषाबरोबर निओस्टिग्मीन नावाचं औषध देतात. ते फटीतल्या त्या विकराला थोपवतं, होड्या पाण्यात जास्त वेळ टिकतात आणि मोकळा धक्का मिळण्याची शक्यता वाढते. पडलेली पापणी अर्ध्या तासात उचललेली दिसू शकते. मण्यारीच्या दंशात हे औषध बऱ्याचदा काही करत नाही, कारण पाण्यात होडीच नसते. प्रतिविष रक्तात फिरणारं विष पकडतं, पण जे टोक मोडून गेलं ते जोडत नाही. ते टोक पुन्हा उगवावं लागतं. उगवतंही. फक्त त्याला दिवस लागतात, कधी आठवडे. तोवर त्या माणसाचा श्वास दुसऱ्या कुणीतरी चालवला पाहिजे.

मण्यारीचा दंश ओळखणंच अवघड. ती रात्री हिंडते. तिचे दात बारीक, त्यामुळे पुष्कळदा खूण दिसत नाही, सूज येत नाही, दुखतही नाही. झोपेत हाताला काहीतरी चावलं, माणूस कूस बदलून पुन्हा झोपला, इतकंच. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते, घसा धरल्यासारखा वाटतो. घरात कुणी ओवा देतं, कुणी पित्ताची गोळी. मग पापण्या जड होतात. एकाच्या जागी दोन दिसू लागतात. बोलणं घोगरं आणि अस्पष्ट होतं. आदल्या रात्री लग्नाची पंगत किंवा जत्रा झाली असेल तर शेजारी खुशाल म्हणतात की उतरली नाही अजून. पावसाळ्यात, जमिनीवर झोपलेला धडधाकट माणूस पहाटे पोटदुखीनं उठला आणि त्याची पापणी पडत असेल, तर साप दिसो न दिसो, खूण असो नसो, तो मण्यारीचा दंश धरूनच चालायचं. डोळ्यांचे, घशाचे, मानेचे स्नायू आधी जातात. श्वासपटल मागून. पापणी पडणं आणि श्वास थांबणं यांच्या मध्ये जो वेळ मिळतो, तेवढाच आपल्या हातात असतो.

या सगळ्यात मेंदू कुठे आहे? जागचा जागी, शाबूत. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट बिलगलेल्या असतात की विषातली ही प्रथिनं रक्तातून मेंदूत सहसा शिरूच शकत नाहीत. बाहेरून पाहणाऱ्याला दिसतं ते असं: डोळे मिटलेले, हाक मारली तर ओ नाही, चिमटा काढला तर हात हलत नाही, श्वास जवळजवळ नाही. टॉर्च मारला तर बाहुली आकसत नाही, कारण मण्यारीचं विष बाहुलीच्या बारीक स्नायूंवरचा ताबाही घालवतं. मेंदू मृत झाल्याची म्हणून जी जी लक्षणं डॉक्टर तपासतात, त्यातली कितीतरी इथे हुबेहूब हजर. आणि आतला माणूस ऐकतो आहे.

हे मी भावनेच्या भरात बोलत नाही. १९४७ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. अमेरिकेतल्या यूटा इथले भूलतज्ज्ञ स्कॉट स्मिथ यांनी शुद्धीत असताना स्वतःच्या शरीरात ट्यूबोक्युरारीन टोचून घेतलं. दक्षिण अमेरिकेतले आदिवासी बाणाच्या टोकाला जे क्युरारे लावत, त्यातलं मुख्य द्रव्य. तेही नागाच्या विषासारखंच पलीकडचा धक्का अडवतं. स्मिथ यांचं सर्वांग लुळं पडेपर्यंत औषध वाढवत नेलं, श्वास सहकाऱ्यांनी चालवला. उतरल्यावर त्यांनी सगळं सांगितलं: कोण काय बोललं, कुठे टोचलं, लाळ गिळता येत नव्हती म्हणून गुदमरल्यासारखं कसं झालं. शुद्ध एक क्षणही हरपली नव्हती, वेदनाही तशीच जाणवत होती. त्यांनी हा जिवावरचा खेळ केला नसता तर, क्युरारे दिलं म्हणजे रुग्णाला भूलही मिळाली, असा समज डॉक्टरांमध्ये आणखी किती वर्षं टिकला असता कोण जाणे.

म्हणून मण्यारीच्या रुग्णाच्या खाटेभोवती उभं राहून ‘संपलं आता’ म्हणू नका. त्याला नावानं हाक मारा, काय चाललं आहे ते सांगा. आणि मेंदूमृत्यूचा निर्णय घेण्याआधी विषबाधा नाही याची खात्री करायची असते, हा वैद्यकातला नियम नातेवाइकांनीही माहीत करून घ्यावा. विचारायला कसलाही संकोच नको.

देवऋष्याबद्दल बोललं नाही तर तुम्ही म्हणाल, डॉक्टर घाबरले. पूर्वीपासून चालत आलेली एक परीक्षा आहे. कडुनिंबाचा पाला चावायला द्यायचा. कडू लागला तर विष नाही, गोड लागला तर विष चढलं. काही ठिकाणी मिरची देतात. आता तुम्हीच हिशेब करा. चव जिभेवरून मेंदूकडे जाते, सातव्या आणि नवव्या चेतातंतूवरून. मिरचीची जळजळ जाते पाचव्यावरून. येणाऱ्या वाटा निराळ्या आणि जाणाऱ्या निराळ्या. मण्यारीचं विष बसतं मेंदूकडून स्नायूंकडे जाणाऱ्या वाटेच्या शेवटच्या टोकाला. चवीच्या वाटेवर स्नायू येतच नाही. माणूस मरायला टेकला तरी त्याला कडुनिंब कडूच लागणार. ही परीक्षा पास झालेला रुग्ण दोन तासांत दगावू शकतो. शिवाय घशाचे स्नायू लुळे पडत असताना तोंडात पाला कोंबला तर तो श्वासनलिकेत जायचा धोका असतो तो वेगळाच. तरीही देवऋष्याचा गुण येतो असं का वाटतं? कारण आपल्याकडचे बहुसंख्य साप बिनविषारी आहेत, आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष टोचतोच असं नाही. न चढलेलं विष उतरवणं कुणालाही जमतं.

इथे एक भर घालतो. राजगड-तोरण्याच्या वाटांवर झाडीत हिरवागार चापडा दिसतो, त्याच्या दंशानं वेदना आणि सूज येते, पण जीव सहसा जात नाही. घोणस आणि फुरसं मात्र घातक. त्यांचा मुख्य मारा रक्त गोठण्याच्या क्रियेवर असतो, तो आजचा विषय नाही. आपल्याकडे मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं. घोड्याला थोडं थोडं विष टोचून त्याच्या रक्तापासून ते बनवतात, आणि त्यासाठी लागणारं विष मुख्यतः तामिळनाडूतल्या इरुळा जमातीची, १९७८ साली स्थापन झालेली सहकारी संस्था पुरवते. सापांना मारून त्यांची कातडी विकणाऱ्या व्यवसायावर बंदी आली तेव्हा याच लोकांनी आपली विद्या या कामाला लावली.

आता घाट उतरू या. वरंध घाट पावसाळ्यात बंद ठेवावा लागतो हे तुम्ही जाणता, पण त्याच्या पायथ्याच्या बाजूला बिरवाडी आहे, तिथे १९७६ साली प्राथमिक आरोग्य केंद्रात एक तरुण डॉक्टर रुजू झाले. हिंमतराव बावस्कर, मूळचे जालना जिल्ह्यातले. त्यांचं ‘बॅरिस्टरचं कार्टं’ हे आत्मचरित्र तुमच्यापैकी काहींनी वाचलं असेल. महाड परिसरात लाल विंचवाच्या दंशानं धडधाकट माणसं आणि पोरं मरताना त्यांनी पाहिली. दंशानंतर भयंकर घाम, उलट्या, लाळ, हातपाय बर्फासारखे गार, मग छातीत घरघर आणि तोंडाला फेस. एकनाथांच्या भारुडातही विंचू चावल्यावर अंगाला घाम येतो. लोकांनी लक्षण शेकडो वर्षांपूर्वीच नोंदवलं होतं. त्याचा अर्थ लावायचा राहिला होता.

मण्यार तंतूंना मुकं करते, विंचू त्यांना गप्पच बसू देत नाही. तंतूतून संदेश जातो तो सोडियमच्या कणांची दारं क्षणभर उघडून लगेच मिटतात म्हणून. हे गणित हॉजकिन आणि हक्स्ली यांनी १९५२ साली माकुळाच्या जाड तंतूवर मांडलं. लाल विंचवाच्या विषातली द्रव्यं ही दारं वेळेवर मिटू देत नाहीत. परिणामी एकदा आलेला संदेश पुन्हा पुन्हा सुटत राहतो. हात-पाय हलवणाऱ्या तंतूंपेक्षा घातक परिणाम होतो तो हृदय, रक्तवाहिन्या आणि घामाच्या ग्रंथी सांभाळणाऱ्या, आपल्या इच्छेबाहेरच्या तंतूंवर. नॉरॲड्रेनलीनचा पूर येतो, सगळ्या बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयाला त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलणं झेपत नाही आणि फुप्फुसात पाणी भरतं. माणूस कोरड्या जमिनीवर बुडून मरतो.

बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून तासातासाला नाडी, रक्तदाब, घाम लिहून ठेवला. ते निरीक्षण १९८२ साली ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आलं. रक्तवाहिन्यांची ही आवळण सोडवली तर हृदय सुटेल, हा त्यांचा तर्क, आणि त्यासाठी त्यांनी निवडली प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी. १९८६ साली तेही ‘लॅन्सेट’मध्ये आलं. त्यांच्या नोंदींप्रमाणे गंभीर रुग्णांतले पंचवीस-तीस टक्के दगावत होते, ते प्रमाण एक टक्क्याच्या आसपास उतरलं. २०११ साली महाडमध्येच त्यांनी आणि त्यांच्या पत्नी प्रमोदिनी बावस्कर यांनी केलेली चाचणी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली. प्राझोसिनसोबत विंचवाचं प्रतिविष दिलं तर रुग्ण लवकर सावरतो, हे तिनं दाखवलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मला त्या पद्मश्रीपेक्षा ती तासातासाची वही मोठी वाटते. मोठं यंत्र हाताशी नव्हतं, मज्जासंस्थेची रचना डोक्यात पक्की होती आणि माणूस जागेवरून हलला नाही.

तंतू आणि स्नायू यांच्यामधल्या त्या फटीवर आणखी एक विष काम करतं आणि ते तुमच्या घरातल्या फळीवर असतं. भाजीपाल्यावर फवारायची ऑर्गॅनोफॉस्फरस गटातली कीटकनाशकं फटीतलं तेच विकर बंद पाडतात, ज्याला निओस्टिग्मीन थोडा वेळ थोपवतं. औषध आणि विष यांत फरक मात्रेचा आणि मुदतीचा. इथे लाळ, घाम, आकसलेली बाहुली, छातीत पाणी, आणि शेवटी पुन्हा श्वासाचे स्नायू. फवारताना तोंडाला फडकं बांधा, एवढं म्हणून मी पुढे जातो.

या विषांनी माणसाला दिलंही पुष्कळ. तैवानमधल्या मण्यारीच्या विषातून ली आणि चँग यांनी १९६३ साली अल्फा-बंगारोटॉक्सिन वेगळं केलं. ते ग्राहक प्रथिनाला इतकं घट्ट धरतं की त्याच्या मदतीनं पॅरिसच्या शांझ्यू यांनी १९७० साली ते प्रथिन पहिल्यांदा वेगळं काढून ओळखलं. तेव्हा कुठे मायस्थेनिया ग्रेव्हिस या आजाराचं कोडं सुटलं. संध्याकाळ झाली की पापण्या पडतात, घास चावताना जबडा थकतो, आणि लोक म्हणतात बाई आळशी आहे. त्या बाईच्या शरीरातली प्रतिकारशक्तीच तो धक्का मोडत असते. आपल्या लाल विंचवाच्या विषातलं आयबेरिओटॉक्सिनही पोटॅशियमच्या वाहिन्या अभ्यासणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळांत वापरलं जातं.

देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशानं वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं मेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. बहुतेक खेड्यांतली. जागतिक आरोग्य संघटनेनं सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं ते २०१७ साली. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचा कार्यक्रम केंद्र सरकारनं २०२४ मध्ये जाहीर केला आहे. कागद चांगला आहे. पण केळद-पासलीकडच्या एखाद्या वाडीतून निघालेला रुग्ण व्हेंटिलेटरपर्यंत पोचायला जो वेळ लागतो तो कागदावर कमी होत नाही. नेपाळच्या तराईत यावर दोन साधे उपाय अभ्यासले गेले. मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून झोपणाऱ्यांना साप कमी चावतात. आणि गाडीची वाट पाहत न बसता रुग्णाला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये धरून तडक दवाखान्यात नेलं तर मृत्यू घटतात. १०८ ला फोन करा, पण रुग्णवाहिका येईपर्यंत अंगणात बसून राहू नका. वाटेत गाठ घाला.

वाटेत श्वास थांबला तर? १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली. पोलिओ मेरुरज्जूतल्या पेशी मारतो. जागा वेगळी, पण परिणाम तोच: मेंदू जागा, श्वास बंद. यंत्रं मोजकी होती. ब्यर्न इब्सेन या भूलतज्ज्ञानं श्वासनलिकेत नळी घालून रबरी पिशवी हातानं दाबत एका बारा वर्षांच्या मुलीला जगवलं, आणि मग वैद्यकाच्या सुमारे पंधराशे विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, महिनोन् महिने, हातानं पिशव्या दाबून लोकांचे श्वास चालवले. आजचे अतिदक्षता विभाग त्या हातांतून जन्मले. चार वर्षांनी, १९५६ साली, त्याच देशात हेनिंग रूबेन यांनी आपोआप फुगणारी पिशवी बनवली. तिला वीज लागत नाही आणि ऑक्सिजनची टाकी नसली तरी ती साध्या हवेवर चालते. तिलाच आपण अँबू बॅग म्हणतो.

तशी एक बॅग आणि सरावाचा पुतळा आज सभागृहाबाहेरच्या टेबलावर ठेवला आहे. मोठ्या माणसाला पाच-सहा सेकंदांनी एकदा, छाती जराशी उचललेली दिसेल इतकंच दाबायचं. जोरात नाही, भराभर नाही. मान मागे झुकवून हनुवटी वर उचललेली हवी, नाहीतर हवा पोटात जाते. मुखवट्याच्या कडेनं हवा निसटते, तिथेच नवखा माणूस फसतो. म्हणून एकानं दोन्ही हातांनी मुखवटा चेहऱ्यावर घट्ट धरायचा आणि दुसऱ्यानं पिशवी दाबायची. तेव्हा जाण्यापूर्वी हात लावून बघा, आणि एकेका वाडीतून एकट्यानं नको, दोघांनी मिळून या.